ऑपरेटिंग सिस्टीमचा बाजार एकीकडेच का झुकतो?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारे सॉफ्टवेअर. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क आणि पडदा यांतले काय, कोणत्या प्रोग्रॅमला, केव्हा आणि किती द्यायचे हे ती ठरवते. वापरणाऱ्याला मात्र तिच्याशी थेट देणेघेणे नसते. त्याला पत्र टंकायचे असते, जमाखर्च मांडायचा असतो, रेल्वेचे तिकीट काढायचे असते. ही कामे प्रोग्रॅम करतात आणि प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधाराने चालतात. साबणाच्या किंवा सायकलींच्या बाजारात दहा कंपन्या वर्षानुवर्षे शेजारी नांदतात. इथे मात्र थोड्याच काळात एक-दोन नावे उरतात आणि बाकीची विस्मरणात जातात. याचे कारण या मधल्या जागेत आहे.

फाइल उघडणे, पडद्यावर चौकट काढणे, छपाईला पान पाठवणे यांतले काहीही प्रोग्रॅम सहसा स्वतः करत नाही; तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे तशी मागणी करतो. या मागण्यांची नावे, त्यांचा क्रम आणि त्यांचे नियम प्रत्येक प्रणालीत वेगळे असतात. विंडोजमध्ये त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. त्यामुळे एका प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर न्यायचा तर त्याचा मोठा भाग नव्याने लिहावा आणि तपासावा लागतो. शिवाय सॉफ्टवेअरचा जवळजवळ सगळा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतच होतो. पुढच्या लाखो प्रतींना नगण्य खर्च येतो. साहजिकच प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी सर्वाधिक ग्राहक असलेली प्रणाली आधी निवडते आणि ग्राहक सर्वाधिक प्रोग्रॅम असलेली प्रणाली निवडतो. दोघेही एकमेकांकडे पाहून निर्णय घेतात. अर्थशास्त्रात याला अप्रत्यक्ष नेटवर्क परिणाम म्हणतात.

हंगेरियन गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. मडक्यात एक लाल आणि एक पांढरी गोटी ठेवायची. न पाहता एक काढायची, ती परत टाकायची आणि तिच्याच रंगाची आणखी एक टाकायची. असे हजार वेळा केले की मडक्यातले रंगांचे प्रमाण एका आकड्यावर स्थिरावते. पण तो आकडा कोणता, हे सुरुवातीच्या मोजक्या गोट्यांवर ठरते आणि दर खेपेला वेगळे निघते. बहुसंख्य रंगाकडे असलेली ओढ त्याच्या प्रमाणापेक्षाही जास्त ठेवली, तर शेवटी एकच रंग जवळपास सगळे मडके व्यापतो. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांनी १९८० च्या दशकात हेच गणित तंत्रज्ञानाच्या स्पर्धेला लावले. आधी मिळालेली किरकोळ आघाडी पुढे दुरुस्त न होणारी ठरू शकते आणि ती गुणवत्तेमुळेच मिळालेली असते असे नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

वैयक्तिक संगणकांच्या मडक्यात पहिल्या गोट्या १९८१ मध्ये पडल्या. आयबीएमने त्या वर्षी १२ ऑगस्टला आपला पीसी बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून त्यात बाहेरचे तयार भाग वापरले होते. प्रोसेसर इंटेलचा होता आणि ऑपरेटिंग सिस्टीमही बाहेरूनच घ्यायची होती. त्या काळी छोट्या संगणकांवर गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम आघाडीवर होती, पण त्यांच्या डिजिटल रिसर्च कंपनीशी आयबीएमचा करार वेळेत जमला नाही. मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीकडून टिम पॅटर्सन यांनी लिहिलेली प्रणाली घेतली. त्या व्यवहाराची एकूण किंमत सुमारे ७५ हजार डॉलर होती. हीच पुढे एमएस-डॉस झाली. आयबीएमने सीपी/एमची नवी आवृत्तीही विक्रीला ठेवली, पण ती काही महिने उशिरा आली. शिवाय डॉस ४० डॉलरला मिळत असताना तिची किंमत २४० डॉलर होती.

तरीही खरा निर्णायक मुद्दा करारातल्या एका तरतुदीत होता. डॉस इतर उत्पादकांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. आयबीएमच्या पीसीत तिचे खास म्हणावे असे फक्त बायॉस होते, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्रॅम. कॉम्पॅकच्या अभियंत्यांनी त्याचे वर्तन अभ्यासून, मूळ कोड न उतरवता, तसेच चालणारे बायॉस लिहिले आणि १९८३ पासून आयबीएमशी सुसंगत संगणक विकायला सुरुवात केली. पाठोपाठ असंख्य उत्पादक आले. त्यांच्या आपसातल्या चढाओढीने यंत्रांच्या किमती उतरल्या आणि प्रत्येक यंत्रामागे डॉसची एक प्रत वाढली.

त्याच १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम आला आणि कार्यालयांनी तो चालावा म्हणून पीसी घेतले. वेग मिळावा यासाठी लोटस पडद्याच्या मेमरीत थेट लिहीत असे. त्यामुळे डीईसी रेनबोसारखे जे संगणक एमएस-डॉस चालवत पण आतून आयबीएमसारखे नव्हते, त्यांच्यावर लोटसची मूळ आवृत्ती चालत नसे. अशी यंत्रे लवकरच मागे पडली. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलने मॅकिंटॉश आणला. चित्रे, खिडक्या आणि माउस यांची त्याची मांडणी डॉसच्या काळ्या पडद्यापेक्षा कितीतरी पुढची होती. पण अ‍ॅपलने ती प्रणाली त्या काळात दुसऱ्या उत्पादकांना दिली नाही आणि यंत्राची किंमतही चढी ठेवली.

या सगळ्या इतिहासात सर्वाधिक शिकवणारे प्रकरण ओएस/२ चे आहे. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ मध्ये ती डॉसची वारसदार म्हणून आणली. विंडोज ३.० ला १९९० मध्ये अनपेक्षित यश मिळाल्यावर मायक्रोसॉफ्ट बाजूला झाली आणि आयबीएमने एकटीने काम पुढे नेले. १९९२ ची ओएस/२ २.० तांत्रिकदृष्ट्या उजवी होती यात शंका नाही. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखली जाई आणि प्रोसेसरचा वेळ प्रणाली स्वतः वाटून देई. त्या वेळच्या विंडोजवर एक प्रोग्रॅम अडला की बाकीचेही खोळंबत.

प्रोग्रॅम कमी असल्याची उणीव भरून काढायला आयबीएमने विंडोजचे प्रोग्रॅमही ओएस/२ वर चालतील अशी सोय केली. ही सोय ग्राहकाच्या सोयीची होती, पण प्रणालीच्या मुळावर आली. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दोन्हीकडे चालत असेल, तर ओएस/२ साठी वेगळा लिहिण्याचा खर्च कोणती कंपनी करेल? स्वतःचे प्रोग्रॅम नसले की प्रणालीचे चांगले गुण वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. १९९९ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात नोंदवलेल्या निष्कर्षांनुसार, भरात असताना ओएस/२ वर सुमारे अडीच हजार प्रोग्रॅम चालत आणि विंडोजवर ७० हजारांहून अधिक. न्यायालयाने याला नव्या स्पर्धकाच्या वाटेतला प्रोग्रॅमांचा अडथळा म्हटले.

हा अडथळा मायक्रोसॉफ्टने दोन मार्गांनी उंच केला. त्यांपैकी पहिला कष्टाचा होता. जुना प्रोग्रॅम विंडोजच्या नव्या आवृत्तीवर बंद पडू नये यासाठी कंपनीचे अभियंते अपार मेहनत घेत. सिमसिटी या खेळात एक चूक होती: परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर ते खपून जाई, विंडोज ९५ वर मात्र खेळ बंद पडू लागला. तेव्हा सिमसिटी चालू आहे का, हे ओळखून मेमरीचे वाटप वेगळ्या पद्धतीने करणारा कोड खुद्द विंडोज ९५ मध्ये घालण्यात आला. चूक दुसऱ्याची असली तरी दोष नव्या विंडोजला दिला जाईल, हे तिथे नेमके ओळखले होते. ओएस/२ च्या पराभवाची चर्चा करताना हे काम सहसा दुर्लक्षित राहते आणि ते योग्य नाही.

दुसरा मार्ग करारांचा होता. संगणक उत्पादकाने ठरावीक प्रोसेसर असलेल्या प्रत्येक यंत्रामागे, त्यात डॉस असो वा नसो, मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे, असे करार केले जात. मग डीआर-डॉससारखी दुसरी प्रणाली यंत्रात घातली की उत्पादकाला दुहेरी भुर्दंड पडे. अमेरिकेच्या न्याय खात्याशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर ही पद्धत थांबली. पुढे २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, पण तिने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली हा ठपका कायम ठेवला.

या दोन्हींच्या जोडीला सवय असते. शिकण्यात घालवलेले दिवस, साठलेल्या फायली, हाताला बसलेले कीबोर्ड हे सगळे प्रणाली बदलताना मागे राहते. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण मराठी अक्षरजुळणीत दिसते. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये मजकूर जुळवला जाई आणि प्रत्येकाची अक्षरांना आकडे देण्याची रीत निराळी होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पानभर निरर्थक चिन्हे दिसत. छापखान्यांचे पेजमेकरमधले काम या फॉन्टांवर आणि ते फॉन्ट विंडोजवर अवलंबून होते. सरकारी नोकरीसाठी लाखो मुलांनी केलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातही संगणक शिकणे म्हणजे बहुतांशी विंडोज आणि ऑफिस शिकणे होते.

मोबाइल फोनमध्ये हाच खेळ नव्याने मांडला गेला. तिथे विंडोजच्या हजारो प्रोग्रॅमांचा उपयोग नव्हता, कारण ते बोटाने वापरायच्या छोट्या पडद्यासाठी लिहिलेलेच नव्हते. २००९ मध्ये स्मार्टफोनच्या बाजाराचा जवळपास निम्मा वाटा नोकियाने वापरलेल्या सिंबियनकडे होता. पण सिंबियनच्या एका शाखेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या शाखेच्या फोनवर चालत नसे. त्यामुळे एवढा मोठा वाटाही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तुकड्यातुकड्यांत मिळे. अ‍ॅपलने २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडून लिहिणाऱ्याला थेट ग्राहकापर्यंत नेले. गुगलने अँड्रॉइड उत्पादकांना विनामूल्य दिली, कारण तिची मिळकत शोध आणि जाहिरातींतून येणार होती. डॉसच्या काळात स्वस्त यंत्रांच्या लाटेने जे केले, तेच इथे अनेक कंपन्यांच्या स्वस्त फोनांनी केले.

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विंडोज फोन आणला. त्याच्या मांडणीची समीक्षकांनी तारीफ केली, २०११ मध्ये नोकियानेही त्याचीच निवड केली. पण इन्स्टाग्राम तिथे २०१३ च्या अखेरीस पोहोचले, स्नॅपचॅट कधीच अधिकृतपणे आले नाही. ज्या भिंतीने विंडोजला दशकभर राखले, तीच आता मायक्रोसॉफ्टच्या समोर उभी होती. नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी, २०१५ मध्ये, कंपनीला ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवावे लागले. भारतात २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनची कायओएस हीदेखील याच कसोटीतून गेली. तिच्यावर व्हॉट्सअ‍ॅप यायला २०१८ चा सप्टेंबर उजाडला. अँड्रॉइडच्या वर्चस्वामागेही केवळ सोय नव्हती. प्ले स्टोअर हवे तर गुगलची इतर अ‍ॅपही फोनमध्ये आधीपासून घालण्याची अट होती. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरोंचा आणि भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात अशा अटींचा मुद्दा होता.

सर्व्हरच्या क्षेत्रात चित्र वेगळे दिसते, पण नियम तोच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स घरच्या संगणकावर अल्पसंख्य राहिली, तर जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच लिनक्सवर चालतात. सर्व्हर आणि ग्राहक यांच्यातला व्यवहार इंटरनेटच्या खुल्या नियमांनी होतो. पलीकडे कोणती प्रणाली आहे हे ब्राउझरला कळण्याची गरज नसते. युनिक्ससाठी लिहिलेले प्रोग्रॅमही थोड्या बदलाने लिनक्सवर येऊ शकत होते. म्हणजे प्रोग्रॅमांचा अडथळा तिथे मुळातच बुटका होता आणि परवान्याच्या खर्चातली बचत व कोड हवा तसा बदलण्याची मुभा यांना वजन आले.

हा अडथळा समोरून ओलांडण्याचा अलीकडचा मोठा प्रयत्न चीनमध्ये चालू आहे. अमेरिकेने २०१९ मध्ये निर्बंध घातल्यावर हुआवेच्या नव्या फोनांना गुगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. कंपनीने हार्मनीओएस आणली, पण सुरुवातीला तिच्या फोनांवर अँड्रॉइडचे अ‍ॅपही चालत. २०२४ च्या हार्मनीओएस नेक्स्ट या आवृत्तीत ही सोय काढून टाकली गेली, त्यामुळे चिनी अ‍ॅप कंपन्यांना या प्रणालीसाठी स्वतंत्र अ‍ॅप लिहिणे भाग पडले. ओएस/२ ने दुसऱ्याचे प्रोग्रॅम चालवण्याची जी सोय शेवटपर्यंत सोडली नाही, ती हुआवेने पाच वर्षांनी सोडली. तिच्यामागे चीनची प्रचंड बाजारपेठ आहे आणि सरकारचे पाठबळही.