हॉटेलचा परदेशी विस्तार आणि व्यवस्थापनातील स्त्रिया

स्पेनचे मायोर्का बेट हे हॉटेल कंपन्यांचे माहेरघर. तिथल्या रिऊ कंपनीने 1991 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुंता काना येथे स्पेनबाहेरचे पहिले हॉटेल उघडले. 1998 पासून कार्मेन रिऊ आणि त्यांचे बंधू लुईस संयुक्तपणे कंपनीची धुरा सांभाळू लागले. मायोर्कातल्याच इबेरोस्टार या हॉटेल कंपनीची सूत्रे सबीना फ्लुशा यांच्याकडे आली.

परदेशात हॉटेल चालवायचे म्हणजे नवे कायदे, नवे चलन, नवे कर्मचारी आणि निरनिराळ्या आवडीनिवडींचे पाहुणे. अशा वेळी निर्णय घेणारे सगळे एकाच मुशीतले असले, तर काही धोके कुणाच्याच लक्षात येत नाहीत. वेगळ्या अनुभवाची माणसे, त्यांत स्त्रियाही, टेबलाशी असली, की जागेची निवड, भागीदारी, कामगारांच्या पाळ्या यांवर वेळीच प्रश्न उपस्थित होतात.

मात्र नफा वाढला, की श्रेय लगेच स्त्रियांच्या संख्येला देऊ नये. मोठ्या, भक्कम कंपन्यांना विस्तारही सोपा जातो आणि स्त्रियांना वरची पदे देणेही. संख्येइतकाच अधिकारही महत्त्वाचा: शोभेच्या खुर्चीने हिशेब बदलत नाही, पैसा आणि विस्तार ठरवणाऱ्या खुर्चीने बदलू शकतो.