नदीचे वकीलपत्र कोण घेणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वकील म्हटला की काळा कोट, साक्षीपुरावे आणि तारखांवर तारखा एवढे आपल्या डोळ्यांपुढे येते. अशिलाने वकीलपत्रावर सही करावी, फी द्यावी आणि वकिलाने त्याची बाजू मांडावी, असा हा सरळ व्यवहार. पण बाजू मांडायची असेल ती नदीची, डोंगराची किंवा खारफुटीची, तर? त्यांना सही करता येत नाही, फी देणे तर दूरच. त्यांच्या वतीने कधी एखादा मच्छीमार वा शेतकरी, कधी ग्रामपंचायत, तर कधी स्वयंसेवी संस्था न्यायालयात जाते. या मंडळींच्या पाठीशी उभे राहावे, असे कायद्याच्या काही विद्यार्थ्यांना मनापासून वाटते. त्यांचे प्रश्न साधारण दोनच असतात. सुरुवात कुठून करायची? आणि यावर घर चालेल का?

आधी कायद्याचा पाया पाहू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे शासनाचे आणि नागरिकाचेही कर्तव्य ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त हवा-पाण्याचा समावेश केला. तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांविरुद्ध वेल्लोरच्या नागरिकांच्या संघटनेने याचिका केली होती. तिच्या १९९६ च्या निकालात दोन तत्त्वे आपल्या कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. जो प्रदूषण करतो त्याने भरपाई द्यावी, हे एक. आणि गंभीर हानीचा धोका असेल तर पूर्ण शास्त्रीय खात्रीची वाट न पाहता आधीच खबरदारी घ्यावी, हे दुसरे. त्यानंतर २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले. त्याच्या पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर तेथे अर्जाचे शुल्क एक हजार रुपये.

म्हणजे दार उघडे आहे. पण त्या दारापर्यंत काय घेऊन जायचे, हे ठरवण्यातच या क्षेत्रातली खरी वकिली आहे. भावनेने भारलेले भाषण तेथे फारसे उपयोगी पडत नाही. निकाल अवलंबून असतो तो कागदावर आणि मुदतीवर.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या तालुक्यात मोठा प्रकल्प यायचा आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत, त्यातही एका स्थानिक भाषेतील पत्रात, द्यावी लागते. पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पंचायतीसारख्या स्थानिक संस्थांत पाहायला ठेवतात. त्याचा सारांश स्थानिक भाषेत असतो. मूळ अहवाल मात्र बहुधा शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. गावातल्या माणसाला ओढा कुठून वाहतो, मासे कुठे अंडी घालतात, कुठल्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते हे पाठ असते. अहवालात त्या ओढ्याचा उल्लेखच नसतो. ही तफावत शोधणे, ती लेखी हरकतीत उतरवणे आणि सुनावणीच्या इतिवृत्तात तिची नोंद झाली का हे तपासणे, हे नव्या वकिलाचे पहिले काम. ही हरकत त्या वेळी नोंदवलेली नसेल, तर पुढे न्यायाधिकरणात तिला वजन राहत नाही.

मग मुदत. मंजुरीविरुद्ध अपील करायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवले तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही. गावकरी जमून चर्चा करतात, निवेदने देतात, मंत्र्यांना भेटून येतात आणि तेवढ्यात ९० दिवस संपतात. बाजू खरी असूनही ती ऐकली जात नाही. जवळ एक जाणकार तरुण वकील असता तर हे टळले असते, अशी कितीतरी प्रकरणे असतात.

पुराव्याचेही तसेच. नाल्याचे काळे पाणी बाटलीत भरून आणले म्हणजे खटला उभा राहिला, असे होत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना घेण्याची रीत ठरवून दिलेली आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितांना सूचना द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, ते सीलबंद करून त्यांवर सह्या घ्यायच्या. ही रीत पाळली नाही, तर त्या पृथक्करणाचा अहवाल कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून तक्रार लेखी करणे, तिची पोच घेणे, अधिकाऱ्याला जागेवर आणणे आणि माहितीच्या अधिकारात कागद मागवणे ही कामे वकिलाला स्वतः यावी लागतात.

कागदाची ताकद पाहायची तर गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाचे प्रकरण पाहावे. हरित न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये काही अटी वाढवून मंजुरी कायम ठेवली होती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. प्रकल्पाच्या मूळ अर्जात आसपासच्या पर्यावरणाविषयीची आवश्यक माहिती उघड केली नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. अर्जातला एकेक रकाना वाचणाऱ्यांमुळे तो पुढे आला. मात्र फेरतपासणीनंतर जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने वाढीव अटींसह स्थगिती उठवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. तेव्हा या वकिलीत जिंकणे म्हणजे दर वेळी प्रकल्प थांबणे नव्हे. कधी चार अटी वाढणे हेही यश मानावे लागते.

आणि जिंकल्यावरही प्रश्न संपत नाहीत. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. नद्या आणि शेते यांना त्यामुळे उसंत मिळाली. पण खाणींवर आणि खनिजवाहू ट्रकांवर संसार चालणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्नही थांबले. या क्षेत्रात येणाऱ्याने त्या घरांकडे पाठ फिरवून चालणार नाही.

आता दुसरा प्रश्न, पोटापाण्याचा. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नोंदणीसाठी पूर्वी हजारो रुपये घेतले जात. जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील रकमेपेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही असे बजावले. ती रक्कम खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. गरीब घरातल्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे.

एक नियम मात्र अनेकांना उशिरा कळतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे संस्थेत पूर्णवेळ पगारावर रुजू व्हायचे असेल, तर सनद स्थगित ठेवून संशोधन, प्रशिक्षण, कागदपत्रे तयार करणे अशी कामे करावी लागतात. न्यायालयात उभे राहायचे असेल तर संस्थेकडून नोकरीऐवजी कामाचे मानधन घ्यावे लागते. संस्थेशी बोलणी करतानाच हे स्पष्ट करून घ्यावे.

खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे ओढाताणीची असतात. त्यावर व्यवहारी उपाय असा, की एखाद्या अनुभवी वकिलाकडे दिवाणी आणि महसुली कामे शिकावीत. सातबारा, गावनकाशा, फेरफार वाचता आले की पर्यावरणाचे अर्धे प्रकरण कळते आणि घरखर्चही निघतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव नोंदवता येते. त्या कामाचे मानधन मिळते. महिन्यातले काही दिवस संस्थेच्या प्रकरणांसाठी राखून ठेवावेत. सगळे सोडून उडी घेणाऱ्यांपेक्षा असा जम बसवणारे जास्त काळ टिकतात, आणि नदीला टिकणारा वकील हवा असतो.

विद्यार्थ्यांनी सनद मिळेपर्यंत थांबायचेही कारण नाही. आपल्या जिल्ह्यातील पुढच्या जनसुनावणीची जाहिरात आली की ती कापून ठेवा. सारांश वाचा, जमल्यास मूळ अहवालही चाळा. सुनावणीच्या दिवशी तेथे जाऊन बसा आणि गावकरी काय बोलतात ते वहीत उतरवून घ्या. महिनाभराने इतिवृत्त मागवा आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. त्यात जे गाळले गेले असेल, तिथून तुमच्या कामाला सुरुवात होते.