बिदरीतले जस्त आणि शरीरातले जस्त



ज्या बिदरीकामामुळे आपल्या बिदर जिल्ह्याचे नाव सर्वदूर पोहोचले, त्यातील धातू मुख्यतः जस्त असून त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. भट्टीत हे दोन धातू एकजीव होतात. मानवी आतड्यात मात्र ते परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरतात. जस्ताच्या गोळ्या सुरक्षितपणे कशा घ्याव्यात, याचे मर्म पुष्कळसे या एका वस्तुस्थितीत आहे.

माणसाला जस्ताची उणीव भासू शकते, हे वैद्यकशास्त्राला उशिराच उमगले. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे गेले. तेथे वाढ खुंटलेल्या, रोटीवरच गुजराण करणाऱ्या व माती खाणाऱ्या २१ वर्षांच्या एका रुग्णापासून त्यांच्या संशोधनास प्रारंभ झाला. धान्यातील फायटेट हा घटक जस्ताला बांधून ठेवतो व त्याचे शोषण होऊ देत नाही, हे पुढे स्पष्ट झाले.

चिटगुप्पा परिसरातील आपले रोजचे जेवण ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण. ते सकस खरेच; पण त्यातही फायटेट आहेच. शिवाय २००९ पासूनच्या ‘भूचेतना’ योजनेतील माती परीक्षणात कर्नाटकातील अनेक शेतजमिनींत जस्ताची कमतरता आढळली. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील शाळापूर्व वयाच्या १९ टक्के, तर किशोरवयीन ३२ टक्के मुलांत जस्त कमी होते. कडधान्ये भिजवून मोड आणणे, पीठ आंबवणे, दूध, अंडी, तीळ व शेंगदाणे आहारात ठेवणे हे उपाय आपल्या माजघरातच आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही लोह व जस्त अधिक असलेली ज्वारीही २०१८ पासून उपलब्ध झाली आहे.

जस्ताचा सर्वांत निर्विवाद उपयोग बालकांच्या अतिसारात होतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये त्याची शिफारस केली. आपल्या शासकीय कार्यक्रमानुसार २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, तर ६ महिने ते ५ वर्षांपर्यंतच्या मुलाला २० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, १४ दिवस द्यावयाची असते. ती चमचाभर आईच्या दुधात वा स्वच्छ पाण्यात विरघळवावी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले, तरी गोळी थांबवू नये. मात्र जस्त हे जलसंजीवनीला पर्याय नव्हे, दोन्ही हवीत.

प्रौढांची गोष्ट वेगळी. करोनाच्या २०२०-२१ मधील लाटांत ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघर पोहोचल्या. साथ ओसरली, पण ‘प्रतिकारशक्तीसाठी’ त्या चालूच ठेवणारे रुग्ण मी पाहतो. भारतीय शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दिवसाला १७ व स्त्रीस सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त पुरते. आहार व गोळ्या मिळून कमाल मर्यादा ४० आहे. वैद्यकीय कारणासाठी थोडे दिवस त्याहून जास्त देता येते, परंतु देखरेखीखाली व मुदत ठरवून.

या मर्यादेचे कारण तांबे. जस्त जास्त झाले की आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढते. ते तांब्याला घट्ट धरते आणि पेशी गळताना तांबेही मलावाटे निघून जाते. परिणामी लोहाला न जुमानणारा पंडुरोग होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात, चाल अडखळते. हे चित्र बी-१२ च्या कमतरतेसारखे दिसते. रक्त सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र नेहमीच पूर्णतः भरून येत नाही. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की अशा रुग्णास ‘आणखी कोणत्या गोळ्या घेता?’ हे अवश्य विचारावे व तांब्याची पातळी तपासावी. रक्तातील जस्ताचा आकडा जंतुसंसर्गात व अल्ब्युमिन कमी असताना खाली येतो. केवळ त्यावर निदान करू नये.

काही साध्या बाबी लक्षात असाव्यात. वेष्टनावरील क्षाराचे वजन व प्रत्यक्ष जस्त यांत फरक असतो. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये जस्त सुमारे ५० मिलिग्रॅमच असते. रिकाम्या पोटी मळमळत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. लोहाच्या गोळ्या, टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके आणि जस्त एकाच वेळी घेऊ नयेत. मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे.

उणीव असेल तेथे जस्त अमृतासमान आहे. पण ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ हे त्यालाही लागू आहे. गोळी कोणासाठी, किती आणि केव्हा थांबवायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीवर लिहिलेली असावीत, एवढेच माझे सांगणे.