‘मला तर कायच होईना’

‘मला तर कायच होईना, मग गोळी कशाला खाऊ?’ जिंतूरमध्ये कुठल्याही दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर दहा मिनिटं बसा, हे वाक्य कानावर पडेल. बीपीचा पट्टा सुटतो तेव्हा आकडा 170 असतो आणि काका धडधाकट असतात. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरोखर काही होत नसतं. बीपीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. वाढला की कळेल, डोकं दुखेल, गरगरेल, असं आपण धरून चालतो. बहुतेकांना काहीच कळत नाही. का कळत नाही, याचं उत्तर हृदयात नाही, मेंदूच्या देठात आहे.

मान आणि कवटी जिथं मिळतात, तिथं आतल्या बाजूला मेंदूचा हा देठ असतो. डॉक्टर त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. जबड्याखाली मानेच्या दोन्ही बाजूंना नाडी लागते, त्या धमन्यांच्या भिंतीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे रिसेप्टर असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि देठाकडे जास्त संदेश जातात. देठ हुकूम देतो, हृदया सावकाश, वाहिन्यांनो सैल पडा. दाब उतरला की उलटा हुकूम. सकाळी बाजेवरून उठून उभं राहिलात की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. तरी तुम्ही कोसळत नाही, कारण ही यंत्रणा काही ठोक्यांत सावरून घेते. नेमगिरीची चढण चढताना दाब वाढतो, वर जाऊन सावलीत टेकलात की उतरतो. या देवाणघेवाणीची खबर आपल्या जाणत्या मनाला कोणी देत नाही, हे लक्षात ठेवा.

मग इतका जागा राखणदार असताना बीपी वाढूनच कसा राहतो? गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट आठवा. तो वरच्या खाचेत बांधला तर पाणी वरपर्यंत चढेल आणि फ्लोट आपलं काम चोख करतोय असंच दिसेल. रिसेप्टरांचंही तसंच होतं. दाब काही दिवस चढाच राहिला, की ते त्या चढ्या दाबालाच नेहमीचा समजू लागतात. राखणदार झोपलेला नसतो, त्याचं माप बदललेलं असतं. म्हणून शरीर ओरडत नाही. म्हणूनच गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस कोणाला हलकं-हलकं वाटतं आणि ‘गोळीनं अशक्तपणा आला’ म्हणून ती बंद होते. शरीराला नव्या मापाची सवय व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो. फार गरगरलं तर डॉक्टरांना सांगावं, गोळी आपल्या मनानं सोडू नये.

दुसरा गैरसमज शिकलेल्यांत जास्त. ‘मेंदूतून ठरतं ना, मग हा टेन्शनचाच आजार.’ देठ म्हणजे मन नव्हे. रागानं बीपी चढतो हे खरं, पण तो उतरतोही. 1973 साली अमेरिकेत काउली, गायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या या रिसेप्टरांच्या नसा तोडून दिवसभराचा दाब मोजला. दाब वेड्यासारखा खालीवर होऊ लागला, पण चोवीस तासांची सरासरी फारशी वाढली नाही. म्हणजे हे रिसेप्टर क्षणाक्षणाचे हेलकावे सांभाळतात. महिनोन्‌महिन्यांच्या हिशेबात मूत्रपिंडाचा वाटा मोठा, ते मीठ आणि पाणी किती राखतं यावर बरंच ठरतं. त्यातही देठातून निघालेले संदेश नसांवाटे मूत्रपिंडापर्यंत पोचतात आणि मीठ धरून ठेवायला लावतात. म्हणून नुसतं ‘शांत राहा’ पुरत नाही. ताटातला खारा ठेचा, लोणचं, पापड यांच्याकडंही बघावं लागतं.

आता बीपीवर घेतली जाणारी सर्पगंधा. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ असं म्हणून तिची मुळी खाणारे आहेत. या मुळीला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या मुंबईतून गेला आहे. कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी 1931 सालीच तिच्याबद्दल लिहिलं होतं. पण जगाचं लक्ष वेधलं ते केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा त्यांचा अनुभव 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि 1957 साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिनचा साठा असतो, वाहिन्या आवळण्याचा निरोप त्यातून जातो. रेसरपिन हा साठाच रिकामा करतं. निरोप्या रिकाम्या हातानं येतो, वाहिनी सैल राहते. पण असे साठे मेंदूतही असतात. त्यामुळं नाक चोंदणं, सुस्ती आणि काहींना खोल उदासी हेही पदरात पडलं, आणि हे औषध मागं पडलं. मुळी खरी आहे, म्हणूनच तिला निरुपद्रवी म्हणणं चूक आहे.

‘गोळीची सवय लागते’ हाही जुना धोशा. त्यात क्लोनिडीनसारख्या काही औषधांपुरतं तथ्य आहे. क्लोनिडीन हे मुळात सर्दीसाठी नाकात घालायचे थेंब म्हणून जर्मनीत तयार झालं. वापरून पाहणाऱ्या एका बाईंना गाढ झोप लागली आणि बीपी उतरला, तेव्हा त्याचा खरा गुण कळला. मेंदूच्या देठातल्या वेगळ्या रिसेप्टरांवर बसून ते ब्रेक दाबतं. एकदम बंद केलं तर ब्रेक सुटून दाब उसळतो. आज बहुतेकांना मिळते ती ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, तिचं असं नाही. ती सोडली की बीपी पुन्हा जुन्या जागी जातो, याला सवय म्हणत नाहीत, आजार म्हणतात.

वय तिशीच्या पुढं असेल तर सरकारी दवाखान्यात पट्टा बांधून घ्या, पैसे पडत नाहीत. आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, आणि तेवढ्या वेळात बोलू नका. वेगवेगळ्या दिवशी आकडा 140 वर 90 किंवा त्याच्या पुढं आला, तर काही होत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा.