'मिल्क फीवर' म्हणजे ताप नव्हे! मोबाईलवर अशी शिका जनावरांच्या डॉक्टरांची भाषा

गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मिल्क फीवर वाटतोय, मी निघालो." तुम्ही तो शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला, तर उत्तर येईल 'दुधाचा ताप'. मग घरात कुणीतरी तापाची गोळी शोधायला लागणार!

पण या आजारात सहसा ताप नसतोच. व्यायल्यानंतर दुधासाठी कॅल्शियम भराभर खर्च होतं आणि रक्तातलं प्रमाण घसरतं. जनावराचे कान गार पडतात, अंगाचं तापमान उलट उतरतं, मान पोटाकडे वळते. शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं, कारण घाईने दिलं तर हृदय बंद पडू शकतं. उपचाराला उशीर झाला तर जनावर दगावतं. म्हणून शब्दाचं नुसतं भाषांतर नको, त्याचा अर्थ कळायला हवा.

शब्द पाठ करू नका, फोडा

मिल्क फीवरचं वैद्यकीय नाव हायपोकॅल्सेमिया. त्याचे तुकडे करा: हायपो म्हणजे कमी, कॅल्स म्हणजे कॅल्शियम, एमिया म्हणजे रक्तात. झाला की अर्थ! असे काही तुकडे लक्षात ठेवले की पुढचे कितीतरी शब्द आपोआप सुटतात.

- आयटिस म्हणजे दाह. मस्टायटिस म्हणजे कासेचा दाह, ज्याला आपण कासदाह किंवा दगडी म्हणतो. मेट्रायटिस म्हणजे गर्भाशयाचा दाह.
- हायपर म्हणजे जास्त. हायपरथर्मिया म्हणजे शरीराचं तापमान प्रमाणाबाहेर वाढणं.

चिठ्ठीवरची छोटी अक्षरं

- आयएम: स्नायूत इंजेक्शन. आयव्ही: शिरेतून. एससी: कातडीखाली.
- एसआयडी: दिवसातून एकदा. बीआयडी: दोनदा. टीआयडी: तीनदा.
- एफएमडी: लाळ्या खुरकूत. एचएस: घटसर्प. बीक्यू: फऱ्या. लसीकरणाच्या नोंदीत हे हमखास दिसतात.
- एआय: इथे चॅटबॉट डोक्यात आणू नका! गोठ्यात एआय म्हणजे कृत्रिम रेतन.

आणखी एक शब्द थेट खिशाशी आणि लोकांच्या तब्येतीशी जोडलेला आहे: विथड्रॉवल पीरियड. औषध दिल्यानंतर जेवढा काळ त्या जनावराचं दूध विकायचं किंवा प्यायचं नाही, तो हा काळ. प्रत्येक औषधाचा वेगळा असतो, म्हणून डॉक्टरांना नक्की विचारा, "दूध किती दिवस घालायचं नाही?"

मोबाईल कसा वापरायचा?

१. औषधाच्या खोक्यावरचा छापील मजकूर गूगल लेन्सने वाचता येतो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर मात्र लेन्सचा भरवसा धरू नका. एक अक्षर चुकलं तरी औषध बदलतं.

२. नोट्स ॲपमध्ये प्रत्येक शब्दासाठी तीन गोष्टी लिहा: डॉक्टरांचा शब्द, आपल्या भागातलं नाव आणि लक्षणं. गावातलं नाव आजी-आजोबांना विचारा, ते इंटरनेटवर मिळेलच असं नाही.

३. हेच शब्द अँकीसारख्या फ्लॅशकार्ड ॲपमध्ये टाका. रोज पाच मिनिटं पुरतात. विसरलेला शब्द ॲप लवकर परत विचारतं, पाठ झालेला उशिरा.

४. डॉक्टर आले की यादी दाखवा आणि अर्थ बरोबर आहे का ते विचारून घ्या.

शब्द कळले म्हणजे डॉक्टर झालो असं नाही

या भाषेचा उपयोग डॉक्टरांना नेमकं सांगण्यासाठी आणि त्यांचं नेमकं ऐकण्यासाठी करायचा, स्वतः डोस ठरवण्यासाठी नाही. शहरात कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांनाही हे लागू आहे. माणसांना सहज चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

गाय बसली असेल तर फोनवर "आजारी आहे" एवढंच सांगू नका. "काल व्यायली, उठत नाही, कान गार आहेत, रवंथ बंद आहे" असं सांगा. पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर १९६२ आहे. तो आत्ताच सेव्ह करून ठेवा.