उंदराच्या डोक्यावरचा सूक्ष्मदर्शक

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली वस्तू हलता कामा नये, ही त्या उपकरणाची पहिली अट. परंतु वाट शोधणे, धोका ओळखून पळणे, दुसऱ्या प्राण्याशी झुंजणे ही मेंदूची महत्त्वाची कामे प्राणी हलत असतानाच घडतात. या दोहोंचा मेळ बसत नसल्याने जिवंत मेंदूतील पेशी पाहण्यासाठी प्राण्याला भूल द्यावी लागे किंवा त्याचे डोके मेजावरील सूक्ष्मदर्शकाखाली जखडून ठेवावे लागे. सूक्ष्मदर्शकच लहान करून प्राण्याच्या डोक्यावर बसवावा, हा त्यावर निघालेला उपाय होय.

यातील खरी अडचण वजनाची होती. 2001 मध्ये हेल्मशेन, डेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या जातीच्या उंदरांसाठी घडवलेले असे उपकरण सुमारे 25 ग्रॅमचे होते, आणि प्रयोगशाळेतील लहान उंदराचे तर सगळे वजनच 20 ते 30 ग्रॅम असते. 2011 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क श्निट्झर यांच्या गटाने प्रकाशस्रोत, भिंगे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते तशा प्रकारची प्रकाशसंवेदी चकती एकत्र बसवून अवघ्या 1.9 ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला, तेव्हा लहान उंदरालाही तो डोक्यावर घेऊन हिंडता येऊ लागला.

चेतापेशी, म्हणजे संदेश वाहणारी मेंदूतील पेशी, स्वतः प्रकाशत नाही. म्हणून जनुकीय तंत्राने तिच्यात जीकॅम्प नावाचे प्रथिन तयार करवले जाते, ज्याचा चमकणारा भाग मुळात एका जेलीफिशमध्ये सापडलेल्या हिरव्या प्रथिनापासून आलेला आहे. पेशी संदेश पाठवते तेव्हा तिच्यात कॅल्शियम शिरते, ते या प्रथिनाला चिकटते, आणि निळा प्रकाश पडताच प्रथिन अधिक तेजाने हिरवे उजळते. एक प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देण्याच्या या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. सूक्ष्मदर्शकातील लहानसा एलईडी निळा प्रकाश पुरवतो, गाळणी हिरवा प्रकाश तेवढा पुढे सोडते, आणि खोलवरच्या पेशी पाहायच्या असल्यास काडीसारखे बारीक भिंग मेंदूत बसवले जाते.

या उपकरणाचे मोल त्याच पेशी दिवसेंदिवस पुन्हा पाहता येण्यात आहे. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात स्थानपेशी असतात. प्राणी विशिष्ट जागी आला की त्यातील विशिष्ट पेशी जाग्या होतात. झिव, श्निट्झर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीच्या मार्गावर धावणाऱ्या उंदरांच्या अशा पेशींचा 45 दिवस मागोवा घेतला, तेव्हा जागा तीच असूनही रोज पेशींचा वेगळा संच कामाला लागतो आणि कोणत्याही दोन दिवसांत सुमारे 15 ते 25 टक्के पेशीच समान असतात, असे आढळले. मात्र या समान पेशी आपापल्या जागा सोडत नव्हत्या, आणि जागेची ओळख टिकण्यास तेवढ्या पुरेशा होत्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की पाच तासांच्या अंतराने पाहिलेल्या दोन जागांच्या स्मृतींत सामायिक पेशी अधिक असतात, तर सात दिवसांच्या अंतराने पाहिलेल्या जागांच्या बाबतीत त्या कमी असतात. याच संस्थेने आपल्या सूक्ष्मदर्शकाचे आराखडे सर्वांसाठी खुले केल्याने इतर प्रयोगशाळांना तो स्वतः बनवणे शक्य झाले.

या तंत्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. कॅल्शियमची चमक मूळ विद्युत्संदेशापेक्षा संथ गतीने बदलते, मेंदूच्या ऊतीत प्रकाश विखुरल्याने चित्र धूसर होते, आणि हिप्पोकॅम्पसपर्यंत पोहोचण्यासाठी त्याच्या वरची काही ऊती बहुधा काढावी लागते. विखुरण्यावर उपाय म्हणून दोन प्रकाशकणांनी एकाच वेळी पेशी उजळवणारी हलकी उपकरणे 2017 मध्ये पेकिंग विद्यापीठात आणि 2022 मध्ये नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे तयार झाली. शस्त्रक्रियेची किंमत मात्र प्राण्यालाच मोजावी लागते, म्हणून प्रत्येक प्रयोग तेवढ्या मोलाचा असणे ही संशोधकाची जबाबदारी ठरते. स्मृती टिकते, पण तिला वाहणाऱ्या पेशी बदलत राहतात, हे ज्ञान त्या मोलाचे आहे. आणि ते एखाद्या दिवसाच्या निरीक्षणातून हाती आले नसते, त्यासाठी आपल्या पायांनी हिंडणाऱ्या प्राण्यासोबत कित्येक आठवडे राहणारे भिंगच हवे होते.