समुपदेशनातला उपदेश वगळून

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला असल्यामुळे की काय, अत्याचार सोसलेली व्यक्ती पहिल्यांदा समुपदेशकाकडे जाते तेव्हा समजुतीच्या चार गोष्टी ऐकाव्या लागणार, असे धरूनच जाते. आणि घरगुती हिंसेच्या बाबतीत समुपदेशन म्हणजे नवरा-बायकोला समोरासमोर बसवून घडवलेली तडजोड, हा अर्थ महाराष्ट्रात इतका रुजला आहे की तिची धास्ती निराधार म्हणता येत नाही.

आघातावरील मानसोपचार, म्हणजे अशा अनुभवाने मनावर व शरीरावर झालेल्या परिणामांवर प्रशिक्षित व्यक्तीने संवादातून केलेले उपचार, हे याहून वेगळे काम आहे. तिथे गेल्यावर घडले ते सारे सांगून टाकावे लागते, हाही गैरसमजच. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ सालच्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले, त्यांत सुरक्षितता पहिली, स्मरण व शोक त्यानंतर, आणि माणसांशी नव्याने नाते जोडणे शेवटी येते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आघाताची आठवण भूतकाळात स्वस्थ पडून राहत नाही. जिन्यावरची पावले किंवा कडी लागल्याचा आवाज एवढेही निमित्त पुरते, आणि धोका आत्ता समोर असल्यासारखी छाती धडधडू लागते, किंवा उलट अंग बधिर होऊन स्वतःपासूनच दूर गेल्यासारखे वाटते. या दुसऱ्या अवस्थेला वियोजन म्हणतात. अत्याचाराच्या क्षणी शरीर गोठून जाणे हीही अशीच अनैच्छिक प्रतिक्रिया असते, हे ‘तेव्हा ओरडली का नाहीस?’ असे विचारणाऱ्यांना (त्यांत घरचेही असतात) ठाऊक नसते.

म्हणून सुरुवातीच्या भेटी वरकरणी नीरस वाटतात. कोणत्या खुर्चीवर बसायचे, दार लोटलेले असावे की बंद, आज कशाविषयी बोलायचे नाही, थांबायचे असल्यास खूण कोणती, हे ठरते. पाय जमिनीवर टेकवून त्यांचा भार जाणवून घेणे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मनात घेणे, असे वर्तमानात परतण्याचे उपाय शिकवले जातात. अत्याचाराने हिरावलेले असते ते स्वतःवरचे नियंत्रण, त्यामुळे खुर्ची निवडणे हाही उपचारच ठरतो.

अत्याचारी माणूस आजही त्याच घरात असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही. निवारा, पोलीस आणि कायदा यांची जोड लागते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या यंत्रणेत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आणि पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी उभारलेले ‘दिलासा’ केंद्र ही गरज ओळखूनच निघाली.

गोपनीयतेविषयी पहिल्याच भेटीत विचारलेले बरे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा गोपनीयतेचा हक्क देतो, पण तो निरपवाद नाही; अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे समुपदेशकावरही बंधनकारक आहे, आणि सारे सांगून झाल्यावर ही अट समजणे म्हणजे विश्वासाला बसलेला दुसरा धक्का.

‘झाले ते विसरा’ असेच तिथेही ऐकू आले, तर समुपदेशक बदलण्यात काहीच गैर नाही. काही जणी, आणि काही पुरुषही, महिनोन्महिने येऊन मूळ घटनेचा उच्चार करत नाहीत. मधल्या काळात रात्रीची झोप लागू लागते, बंद दाराची भीती ओसरते, आणि उपचार चालू असतात.